चोर्ल्याचा माथा की तांबडी सुर्ल्याचा पायथा?

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे पुण्या-मुंबईचे, कधी बेळगावचे, पक्ष्यांसाठी दुर्बीण घेऊन दोन-चार वर्षं झालेले. गोव्यात तीन रात्री हातात आहेत, किनारा नको, रान हवं. मग मुक्काम चोर्ला घाटाच्या माथ्यावरच्या इको-लॉजमध्ये टाकावा, की खाली तांबडी सुर्ला-मोलेच्या बाजूला? मी फोंड्याचा. दोन्ही जागा घरापासून तास-दीड तासावर, त्यामुळे दोन्हीकडे पैसे मोजून राहून झालंय आणि करायच्या त्या चुकाही करून झाल्यात. माझ्यापुरता निकाल लागलेला आहे. तो कशावरून लागला ते ऐकून काहींना हसू येईल. येऊ दे.

आधी एक सावधगिरी. गोव्यात सुर्ला नावाची निदान तीन गावं आहेत. एक डिचोलीत, खाणींच्या पट्ट्यात. एक सत्तरीत, चोर्ला घाटाच्या वरच. आणि एक हे तांबडी सुर्ला, धारबांदोड्यातलं, कदंबकालीन महादेवाच्या देवळाचं. माझ्या एका मित्राने टॅक्सीवाल्याला नुसतं ‘सुर्ला’ सांगितलं आणि ऐन पहाटे तो दुर्बीण गळ्यात घालून भलत्याच तालुक्यात उतरला. तेव्हा ‘तांबडी’ म्हणायला विसरू नका.

आता माथा. आठशे मीटरच्या आसपासची उंची, गोवा-कर्नाटक-महाराष्ट्र अशा तीन राज्यांच्या हद्दी जिथे एकमेकींत घुसतात तो मुलूख. तिन्ही हद्दींत मिळून आता राहायच्या बऱ्याच जागा झाल्यात. मी तिथे दोन ठिकाणी राहिलो. नावं घेत नाही, कारण तक्रार करणार आहे आणि माणसं चांगली होती. या जागांचं खरं वैभव म्हणजे त्या दरीच्या काठावर आहेत. झाडांचे शेंडे तुमच्या पायाखाली. खालच्या रानात धनेश बघायचा म्हणजे मान मोडते, आणि दिसतं ते त्याचं पोट आणि शेपटी. वर मात्र तुम्ही धनेशाच्या पाठीकडे बघता. एका डिसेंबरात मी व्हरांड्यात बसून पायमोजे चढवत होतो, तेवढ्यात कोणी ओली चादर झटकत यावं तसा आवाज आला. मोठ्या धनेशाची जोडी माझ्या खालून, निवांत, दरीच्या पलीकडे गेली. एक पाय मोज्यात आणि एक उघडा, असा मी तसाच उभा. हे दृश्य पायथ्याला कधीही मिळणार नाही, हे मी आधीच कबूल करतो.

हवा थंड. करड्या डोक्याचा बुलबुल, शीळकरी कस्तूर, डोंगरी मैना, सगळं खोलीच्या आजूबाजूला. खोल्या लाकडाच्या, स्वच्छ, गरम पाणी वेळेवर. धुकं मात्र कधीकधी नऊ-नऊ वाजेपर्यंत हटत नाही आणि दुर्बिणीच्या काचा पुसण्यात सकाळ जाते. पण तो निसर्ग आहे, त्याची तक्रार कुणाकडे करणार?

नडला तो चहा.

मला मधुमेह आहे. पहाटे उठून पोटात काही न जाता दोन-तीन तास चढउतार करणं मला जमत नाही, आणि डॉक्टरलाही ते चालत नाही. वरच्या लॉजचं वेळापत्रक भिंतीवर सुबक अक्षरांत लावलेलं होतं: चहा साडेसात, जंगलफेरी आठ, नाश्ता साडेनऊ. डिसेंबरात इकडे साडेसहाला उजाडू लागतं. रान बोलतं ते पावणेसात ते साडेआठ. म्हणजे चहा होऊन, कपबश्या ठेवून, मंडळी जमून आपण रानात पाऊल टाकायचं ते रान गप्प व्हायच्या बेताला. मी आदल्या रात्री काउंटरवरच्या मुलाला विचारलं, सहाला मिळेल का? तो अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, बाकीचे गेस्ट लेट उठतात.” त्याचंही बरोबर होतं. बारा खोल्यांत पक्ष्यांसाठी आलेले आम्ही दोघंच.

तरी सहाला टॉर्च घेऊन पायऱ्या चढून भोजनगृहापर्यंत गेलो. दाराला कडी. आत टेबलांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या, आणि एका टेबलावर लॉजचं मांजर झोपलेलं. तेवढ्यात खालच्या दरीतून कर्णा, म्हणजे मलबार ट्रोगन हा पक्षी, बोलू लागला. ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल: हळू, उतरत जाणारी, थोडी रडवेली हाक. एक, मग अंतर ठेवून दुसरी, मग तिसरी. गाईडशिवाय खाली उतरायची परवानगी नव्हती. गवे असतात, नियम योग्यच आहे. मी पायरीवर बसून खिशातली ग्लुकोज बिस्किटं खाल्ली आणि पाऊण तास कर्णा नुसता ऐकला. सव्वाआठला आमची फेरी निघाली. कर्णा गप्प.

दुसऱ्या रात्री त्यांनी आपणहून चहाचा थर्मास भरून दिला. पहाटेपर्यंत त्याला थर्मासच्या बुचाचा वास लागला होता. तो मी प्यायलो. पण त्या चहाने मला शहाणं केलं. प्रश्न चहाचा नव्हताच. ती जागा कुणाच्या घड्याळावर चालते याचा होता. तिथे पक्षी ही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या अनेक गोष्टींपैकी एक, कॅरमसारखी.

आता पायथा. इथे राहायच्या जागा साध्या. काही तंबू, काही खोल्या, काही सरळ कुणाच्या तरी घराच्या मागचा भाग. मी राहतो ते घर कुळागराच्या काठाला आहे: सुपारी, केळी, मिरवेल, आणि मागे लगेच रान. पहिल्यांदा फोन केला तेव्हा चोर्ल्याचा चटका ताजा होता, म्हणून भाडं विचारायच्या आधी विचारलं, सकाळचा चहा किती वाजता? घरातल्या वहिनी पलीकडून म्हणाल्या, “तुमी उठल्यार जाता.” तुम्ही उठलात की होतो. मी तिथेच तीन रात्री नक्की केल्या.

पावणेसहाला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. सहाच्या सुमाराला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो, सायकलीवरच्या टोपलीतून गरम उंडे, म्हणजे गोल पाव, येतात. स्टीलच्या पेल्यात बिनसाखरेचा चहा, सोबत अर्धा उंडा, उरलेला रुमालात बांधून खिशात. साडेसहाला आपण ओढ्यापाशी. वहिनींचे यजमान, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, पुढे चालतात. त्यांच्याकडे दुर्बीण नाही. लागतही नाही.

तिथे मला कर्णा दिसला. वीसेक फुटांवर, डोळ्यांच्या किंचित वर, आडव्या फांदीवर रुसलेल्या जावयासारखा पाठ करून बसलेला. कर्णा पाठमोरा म्हणजे तपकिरी ठोकळा; शंभर जण शेजारून जातील. भाऊंनी खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं, बोलले काहीच नाहीत. दोनेक मिनिटांनी त्याने फांदीवर जागा बदलली आणि काळ्या छातीखालची पांढरी रेघ आणि तिच्याखालचं लालभडक पोट एकदम समोर आलं. मग त्याने उडी घेतली, पानाखालचा कसलासा किडा उचलला आणि पुन्हा त्याच फांदीवर, पुन्हा पाठ.

बेडूकतोंड्याचीही (इंग्रजीत फ्रॉगमाउथ) गोष्ट तशीच. वेताच्या जाळीत, डोक्याच्या उंचीवर, दोन वाळकी पानं एकमेकांना चिकटलेली. एक करड्या रंगाचं, तो नर. एक तांबूस, ती मादी. भाऊंनी बोट दाखवलं आणि मी बराच वेळ त्या बोटाच्या टोकाकडेच बघत होतो. त्यांच्या झोपायच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे स्थानिक माणसाशिवाय हा पक्षी दिवसा सापडणं म्हणजे नशीब.

माझी वही काढून बघितली. वरच्या चार सकाळींत कर्णा तीनदा ऐकला, एकदाही पाहिला नाही. खालच्या सात सकाळींत पाच वेळा पाहिला. हा काही अभ्यास नव्हे. वर आणखी दोनदा गेलो असतो तर आकडे कदाचित बदललेही असते. शिवाय खाली ओढा आहे, त्यामुळे निळ्या कानाचा खंड्या, पाचू कवडा, पाण्यावर उतरणारा स्वर्गीय नर्तक यांची भर पडतेच. नवरंग थंडीत दोन्हीकडे. गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, तोही दोन्हीकडे.

पायथ्याच्या उण्या बाजू झाकत नाही. न्हाणीघर बाहेर, गरम पाणी चुलीवरच्या हंड्यातलं, डास भरपूर. दुपारी उकाडा. रविवारी नऊनंतर देवळाच्या परिसरात सहली उतरतात आणि कुणाच्या तरी गाडीतला स्पीकर सुरू होतो. त्या दिवशी तिकडे फिरकू नका. कुळ्याच्या रस्त्यावर दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांची धूळ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही गाईड मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढतात. बेडूकतोंड्याच्या जाळीपाशी मी एकदा सात-आठ कॅमेरे आणि फ्लॅश बघितले आणि फोटो न काढता परतलो. मुक्काम ठरवताना हे तोंडावर विचारा. वरच्या लॉजवर, खरं सांगायचं तर, या बाबतीत शिस्त जास्त चांगली होती.

कुठेही गेलात तरी एक पाळा. सत्तरीत २०१५ च्या सुमाराला माकडतापाचे रुग्ण आढळले, शेजारच्या दोडामार्गातही. तो गोचिडांमुळे होतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत. पूर्ण पँट, मोज्यात खोचलेली, वाळक्या पाचोळ्यावर बसायचं नाही, मेलेल्या माकडाच्या आसपासही जायचं नाही. परतल्यावर कपडे गरम पाण्यात. फोटोसाठी पाचोळ्यात आडवं पडण्याची हौस असेल तर ती या महिन्यांत आवरा.

पावसाळ्याचा विचार करणाऱ्यांना तर माथा सुचवणारच नाही. दिवसचे दिवस धुक्याखेरीज काही दिसत नाही. तिबोटी खंड्या जूनमध्ये येतो तो खालच्या ओढ्यांवर. जळवांची तयारी ठेवा.

बोंडल्याचं अभयारण्य जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, पायथ्याला राहिलात तर एक सकाळ तिथे सहज होते. दक्षिणेचं खोतीगाव शांत आहे, मला आवडतं, पण तिथे गेलं की दुसरीकडे कुठे जाणं होत नाही. परतीच्या दिवशी दुपारची गाडी असेल तर चोडणला कांदळवनात एक फेरी मारा. रान बघून झाल्यावर तिथले खंड्ये वेगळेच वाटतात.

येण्याजाण्याचं म्हणाल तर मोप्याच्या विमानतळावर उतरणाऱ्याला डिचोली-साखळीवरून माथा सोयीचा. रेल्वेने येणाऱ्याला पायथा: गोवा एक्सप्रेस पुणे, मिरज, बेळगाव करत दूधसागरच्या घाटातून उतरते, आणि कुळ्याहून मोले अगदी जवळ. खर्चाचं म्हणाल तर माझ्या अनुभवात वरच्या एका रात्रीच्या पैशांत खाली दोन रात्री सुटतात, जेवणासकट. कुणाला ते महत्त्वाचं नसेलही.

आमच्या घरात मात्र या बाबतीत दुमत आहे. सौ.ला वरचा व्हरांडा हवा, गीझर हवा, आणि पहाटे सहाला उठायचं तिला काही कारण दिसत नाही. तिचं म्हणणं, धनेश जर खोलीसमोरून जाणार असेल तर रानात कशाला तडफडायचं? लहान मुलं किंवा म्हातारे आईवडील बरोबर असतील तर मी तिच्या बाजूने मत देईन. तुमच्यातल्या एकालाच पक्ष्यांचं वेड असेल तरीही.

आमची तडजोड अशी ठरली आहे: पहिली रात्र वर, पुढच्या दोन खाली. क्रम उलटा करून बघितला होता एकदा. दोन दिवस वहिनींच्या हातचा चहा पिऊन तिसऱ्या पहाटे मी सवयीने साडेपाचलाच उठलो, आणि त्या कडी घातलेल्या दारापाशी दोन तास काढले. मांजर तेच होतं.