येनाच्या लेन्सना बॉडी मिळेना : पेंटाकॉन सिक्स, कीव्ह ६० आणि शेवटी ममिया

आधीच सांगतो, माझ्याकडे लेन्स आधी आल्या आणि कॅमेरा नंतर, म्हणजे सरळसरळ नालेसाठी घोडा. कोल्हापूरला मावशीच्या शेजारी एक काका राहतात, आयुष्यभर लग्नाचे फोटो काढले, धंदा सगळा यशिकावर आणि हौस मात्र वेगळीच. त्यांनी स्टुडिओ बंद करायला काढला तेव्हा मला बोलावलं आणि लाकडी कपाटातून तीन लेन्स काढून टेबलावर मांडल्या. कार्ल झाइस येनाच्या, म्हणजे पूर्व जर्मनीतल्या येना गावच्या. (पुढच्या आकड्यांत पहिला मिलिमीटरमधली फोकल लांबी, एफचा आकडा म्हणजे लेन्स किती उघडते ते.) बायोमेटार ८० एफ २.८, फ्लेक्टोगॉन ५० एफ ४ आणि तो भला मोठा झोनार १८० एफ २.८, ज्याला काका सोनारच म्हणतात. मी नुसताच बघत उभा, तर म्हणाले, "बघतोयस काय, हात लाव की. बॉडी मेली रे, काचा जिवंत आहेत."

बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, खरंच मेली होती. पेंटाकॉन सिक्स, १२० च्या रुंद फिल्मवर ६ बाय ६ सेंटिमीटरचा चौकोनी फोटो काढणारा कॅमेरा, शटरचा पडदा अर्ध्यात अडकलेला आणि कापड वाळक्या पानासारखं. पण काचांना बुरशी नाही, कोल्हापूरच्या पावसात इतकी वर्षं काढूनसुद्धा, कारण काका डब्यात सिलिका जेल ठेवायचे आणि दर दोन महिन्यांनी तव्यावर भाजून परत भरायचे. किती दिले ते सांगत नाही, बायको वाचते.

मग सुरू झाली बॉडीची शोधाशोध, ती दीड वर्ष चालली. या लेन्स पेंटाकॉन सिक्स माउंटच्या (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ती जागा), म्हणजे मागे एक रिंग असते ती फिरवून आवळायची, लेन्स स्वतः फिरत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो हॅसलब्लाड घे ना सरळ. अरे बाबा, हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेत शटर लेन्समध्ये असतं, बॉडीत चालेल असं शटरच नाही, आणि माझ्या लेन्समध्ये शटर नाही, मग फोटो कोण काढणार? ममिया आरबी६७ चं पण तेच. म्हणजे मला बॉडीतच फोकल प्लेन शटर, म्हणजे फिल्मच्या अगदी पुढ्यात सरकणारे पडदे, असलेला कॅमेरा हवा. त्यातही लेन्सच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर जमायला हवं. पेंटाकॉन सिक्सचं ते ७४ मिलिमीटर. ज्या बॉडीचं अंतर याहून कमी तिच्यावर मध्ये अडॅप्टर घालून लेन्स बसते, ज्या बॉडीचं जास्त तिच्यावर बसवलीच तरी लांबचा फोकस मिळत नाही. पेंटॅक्स ६७ चं ८५ च्या आसपास, म्हणजे तो बाद. जुनी ब्रॉनिका एस२ तर १०० च्या वर, ती पण बाद. इतकं कळायलाच मला दोन महिने लागले, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

पहिल्यांदा अर्थातच जिची लेन्स तिचीच बॉडी, पेंटाकॉन सिक्स टीएल. ड्रेस्डेनची, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीची. याच घराण्यातला प्राक्टिसिक्स १९५६ साली आला, त्याचा पेंटाकॉन सिक्स १९६६ ला झाला, मग टीएल आला आणि १९९० पर्यंत बनत होता, म्हणजे भिंत पडून देश एक होईपर्यंत. दिसायला ३५ एमएमचा एसएलआर (आरशातून, लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) कोणीतरी हवा भरून फुगवलाय असा. हातात घेतल्यावर प्रेमातच पडतो माणूस, खोटं कशाला बोला. १ सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळं यांत्रिक, सेल लागत नाही, लिव्हरच्या एका ओढीत फिल्म पुढे.

आता या लिव्हरबद्दल सांगतो. मी पहिला रोल मंडई आणि पर्वतीला घातला, १२ फ्रेम, घरी डी-७६ डेव्हलपरमध्ये धुतला, टाकीतून बाहेर काढतो तर मंडईतल्या भाजीवाल्या मावशींच्या डोक्यावर पर्वतीच्या पायऱ्या चढलेल्या. तीन ठिकाणी फ्रेमवर फ्रेम. चूक माझीच होती, मी लिव्हर ओढून ३५ एमएमच्या सवयीने सोडून देत होतो आणि ती खाडकन परत जात होती. या कॅमेऱ्यात लिव्हर शेवटपर्यंत ओढायची आणि अंगठा न काढता हळूच परत आणायची, दळण्याच्या जात्याचा खुंटा कसा हातातून सोडत नाहीत तसं. फिल्म भरतानाही कागद ताणूनच ठेवायचा, बाण खुणेवर आणेपर्यंत स्पूलवर बोट दाबून धरायचं. ही सवय लागली की फ्रेम बऱ्यापैकी सुट्या पडतात. बऱ्यापैकी म्हणतोय, लक्षात घ्या. पुढच्या सात रोलांत दोनदा परत चिकटल्या आणि तेव्हा अंगठा अजिबात सुटला नव्हता. माझी बॉडी पन्नाशीच्या पुढची आहे, आतलं चाक झिजलं असेल, आधीच्या मालकाने काय केलंय देव जाणे.

दुसरी गोष्ट आरशाची. फोटो काढला की आरसा वर जातो आणि वरच राहतो, फाइंडर काळाकुट्ट, पुढची फ्रेम ओढेपर्यंत काही दिसत नाही. ओढून ठेवावं तर शटर ताणलेल्या अवस्थेत बॅगेत राहतं, तेही जुन्या स्प्रिंगांना बरं नाही. न ओढावं तर समोर काही घडलं की आधी लिव्हर मग फोकस, तोवर बस निघून जाते. शिवाय फिल्मवर जेवढं येतं त्यापेक्षा फाइंडरमध्ये बरंच कमी दिसतं, म्हणजे तुम्ही कडेचा खांब टाळला असं समजता आणि तो निगेटिव्हवर हजर. फ्लॅश सिंक १/२५, म्हणजे याहून जलद वेगाला फ्लॅश नीट चालत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे, बाहेर उन्हात विसरा.

पण झोनार लावून त्यावर काकांचा फोटो काढला, एफ ४ वर, खिडकीच्या उजेडात, मिशीचा एक एक केस आणि मागची भिंत लोण्यासारखी वितळलेली. ही लेन्स मुळात लुडविग बर्टेलेने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी कॉन्टॅक्स कॅमेऱ्याकरता आखली होती, मग युद्धानंतर झाइसचे दोन तुकडे झाले, एक येनात राहिला आणि एक पश्चिमेला ओबरकोखेनला गेला, नावावरून भांडणं झाली, म्हणून काही लेन्सवर नुसतं 'आउस येना' कोरलेलं असतं, म्हणजे येनाहून. तसलं दिसलं तर नकली समजून सोडू नका.

मग कीव्ह ६०. याच माउंटचा, कीव्हच्या आर्सेनल कारखान्यातला, १९८४ पासूनचा. त्याआधी कीव्ह ६सी होता त्याचं शटरचं बटण डाव्या हाताला, हा उजव्या हाताचा झाला. पेंटाकॉन जर लुना असेल तर हा बुलडोझर आहे (लुनावर बसलेल्यांना कळेल). फाइंडर मोठा आणि उजळ, पेंटाकॉनपेक्षा कितीतरी सुखाचा, हे मान्य करायलाच पाहिजे. सगळ्यात हळू वेग १/२ सेकंद, त्यापुढे बल्ब, म्हणजे बटण दाबून आहे तोवर शटर उघडं. आवाज असा की सारसबागेत शटर दाबलं तर शेजारच्या बाकावरचे आजोबा वळून बघतात. तो मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतला, 'टेस्टेड, वर्किंग' लिहिलेलं, वर कस्टम्सवाल्यांनी त्यांचा वाटा घेतला तो वेगळाच. टेस्टेड म्हणजे त्याने बटण दाबून टक् आवाज ऐकला एवढंच. मागच्या झाकणाचा फोम विरघळून डांबर झालेला आणि १/५०० च्या वर फ्रेमची एक बाजू काळी. फोम मी स्वतः बदलला, काळी लोकर आणि पातळ स्पंज, खर्च शंभर रुपयेसुद्धा नाही. पडद्याचं काम मात्र करायला कोणी तयार होईना. मुंबईला फोर्टात बोरा बाजाराच्या गल्लीत फिरलो, एका दुकानात सांगितलं ठेवून जा, आठवड्याने या. चार महिने ठेवला, आणि परत आला तेव्हा आधी चालायचा तो १/१२५ पण बिघडलेला. दुकानाचं नाव सांगत नाही, म्हातारा माणूस होता, पैसे परत दिले त्याने.

चांगला कीव्ह ६० असतो हो, माझ्या एका मित्राचा पाच वर्षं बिनतक्रार चाललाय. कीव्हमध्येच अराक्स म्हणून लोक आहेत ते या बॉडी उघडून, सुधारून, आतून काळ्या करून विकतात, घ्यायचाच तर तसला घ्यावा. माझा दम संपला होता. जर्मनीत ऐंशीच्या दशकात पेंटाकॉनच्याच सांगाड्यावर रबराचा अंगरखा चढवून एक्झाक्टा ६६ काढला होता तो पण बघितला, किंमत बघून टॅब बंद केला. कीव्ह ८८सीएम हॅसलब्लाडच्या चेहऱ्याचा आणि याच माउंटचा, पण ८८ च्या घराण्यात शटर ताणायच्या आधी वेग बदलला की आतलं यंत्र दुखावतं, आणि माझ्यासारख्या विसरभोळ्याच्या हातात असलं काही देऊ नये.

कोणतीही जुनी बॉडी घेताना मी आता काय करतो ते सांगतो, कारण फोटो बघून काही कळत नाही. लेन्स काढायची, मागचं झाकण उघडायचं, खिडकीकडे धरून १/१००० वर दाबायचं, डोळ्याला पूर्ण चौकोन लख्खकन दिसला पाहिजे, एक कड अंधारी असेल तर पडदे एका चालीने जात नाहीत. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पडद्यामागे, भोकं असतील तर चांदण्या दिसतात. आणि एक मुदत संपलेला रोल बळी द्यायचा. भरायचा, लेन्स काढून बल्बवर शटर उघडं धरायचं आणि समोरून लांब पेनाने फिल्मवरच फ्रेमची कड आखायची, असं बाराही वेळा. रोल बाहेर काढून पसरला की चौकोनांमधलं अंतर पट्टीने मोजता येतं. विक्रेता समोर असेल तर तो वैतागतो, वैतागू दे.

शेवटी उपाय जपानी निघाला. ममिया एम६४५ १९७५ चा, त्याचा भाऊ १०००एस पुढच्या वर्षीचा, मी तो दुसरा घेतला. याचं माउंटचं अंतर साधारण ६३ मिलिमीटर, म्हणजे पेंटाकॉनच्या लेन्ससाठी मध्ये एक सेंटिमीटरभर जागा राहते, तेवढ्यात अडॅप्टर बसतो आणि लांबचा फोकस बरोबर मिळतो. शटर बॉडीत, ८ सेकंदांपासून १/१००० पर्यंत, इलेक्ट्रॉनिक. आरसा लगेच खाली येतो, अहाहा. आरसा आधीच वर उचलून ठेवायची सोय पण आहे, झोनार ट्रायपॉडवर असताना त्याचा फार उपयोग होतो. १२० च्या रोलवर १५ फ्रेम. आत्तापर्यंत २३ रोल झाले, एकही फ्रेम दुसरीवर चढलेली नाही, अंतर पट्टीने आखल्यासारखं. पेंटाकॉनच्या त्या आठ रोलांनंतर मला हे बघून जो आनंद झाला तो ज्याने निगेटिव्ह गमावल्यात त्यालाच कळेल.

आता रडगाणं. अडॅप्टरमधून लेन्सचा आपोआप बंद होणारा डायफ्राम, म्हणजे आतलं लहानमोठं होणारं छिद्र, चालत नाही. एफ २.८ वर उघडून फोकस करायचा, मग हाताने रिंग एफ ८ ला आणायची, मग दाबायचं. ट्रायपॉडवर काही वाटत नाही, पळत्या पोराचा फोटो काढायचा तर हात अपुरे पडतात. मी दोन महिन्यांत रिंगचे टकटक मोजून न बघता बंद करायला शिकलो. सेलशिवाय शटर पडत नाही, सहा व्होल्टचा बारका सेल लागतो, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही म्हणून बॅगेत दोन ठेवतो. फाइंडर प्रिझमचाच घ्या, वरून बघायच्या फाइंडरने उभा फोटो काढायचा म्हणजे मान मोडते. रोल अर्धा असताना बदलता येत नाही, मागचं मॅगझिन सुटं होत नाही, आत फक्त इन्सर्ट, म्हणजे फिल्म बसवायची चौकट, असतो. आणि अडॅप्टर स्वस्तातला घेऊ नका, माझा पहिला इतका ढिला होता की झोनारचं तोंड खाली झुकायचं, फ्रेमची वरची कड धारदार आणि खालची मऊ, मी आधी लेन्सलाच शिव्या घातल्या.

सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे चौकोन गेला. या लेन्स ६ बाय ६ साठी केलेल्या आहेत आणि ममिया ६ बाय ४.५, म्हणजे वरखालचं कापलं जातं, फ्लेक्टोगॉनच्या चौकोनाचा जवळजवळ पाव हिस्सा वाया. काकांना प्रिंट दाखवल्या तर चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले आणि म्हणाले, "झकास आलंय की. पण पोरा, बाकीचा फोटो कुठाय?"

म्हणून पेंटाकॉन विकलेला नाही. रंकाळ्यावर सकाळी जायचं, घाई नसते, चौकोनच हवा असतो, तेव्हा तोच नेतो, अंगठा जपून. कोणाचे पैसे घेऊन फोटो काढायचे असतील किंवा जे परत काढता येणार नाही असं काही असेल तर ममिया. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या मुंजीला ममियावर चार रोल केले आणि साठच्या साठ फ्रेम सुट्या आल्या, त्यातल्या अकरा आउट ऑफ फोकस आहेत पण तो दोष कॅमेऱ्याचा नाही, तेव्हा मी श्रीखंड खात होतो.