व्हिसाचा विमा वेगळा, ॲडमिशनचा वेगळा: रत्नागिरीच्या एका फाइलीतली फसवणूक

पावतीवर एवढंच लिहिलं होतं: ‘जर्मनी मेडिकल, एक वर्ष, फुल. रु. ७८,०००/-’. खाली परदेशी शिक्षणाची कामं करून देणाऱ्या कन्सल्टन्सीचा गोल शिक्का आणि न वाचता येणारी सही. त्याच फाइलीत मागे पॉलिसीचे कागद टाचलेले होते. तिसऱ्या पानावर प्रीमियम छापला होता, २३,४६० रुपये. मधले ५४,५४० रुपये कशाचे, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण तिसऱ्या पानापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाचं हे घर रत्नागिरी तालुक्यातलं, कलमांची बाग असलेलं. नाव-गाव मुद्दाम देत नाही. वाशीच्या दलालाची पट्टी आली की हीच माणसं हमाली किती, अडत किती, फुटीच्या नावाखाली किती पेट्या वजा केल्या, हे ओळीओळीने तपासतात आणि दहा रुपयांसाठी फोन लावतात. विम्याचा कागद मात्र इंग्रजीत असतो, वर विमानाचं चित्र असतं आणि मुंबईत व्हिसाची तारीख चार दिवसांवर आलेली असते. विकणाऱ्याला ही घाई पुरते. रक्कमसुद्धा तो एकटी सांगत नाही. विमा, भाषांतर, फाइल तयार करणं, ‘एम्बसी चार्जेस’ असं सगळं एका आकड्यात बांधून सांगतो. पट्टीसारखं ओळीओळीने लिहून मागितलं, तर निम्मी प्रकरणं तिथेच उघडी पडतील.

फसवणूक नेमकी कुठे झाली, ते समजून घ्यायला हवं. पॉलिसी खोटी नव्हती. नोंदणीकृत भारतीय कंपनीची होती, नंबर खरा, कंपनीच्या वेबसाइटवर तपासली तरी दिसत होती. खोटं होतं ते तिचं वर्णन. ही विद्यार्थी प्रवास विम्याची पॉलिसी होती आणि ‘जर्मनीत वर्षभर लागणारा मेडिकल’ म्हणून विकली गेली.

जर्मनीत विम्याची गरज दोनदा पडते. पहिल्यांदा व्हिसाला. तिथे पोचल्यापासून विद्यापीठात नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा लागतो. व्हिसाच्या चेकलिस्टमध्ये जेवढी मुदत आणि जेवढी रक्कम लिहिली असेल, तेवढीच पॉलिसी पुरते. त्यासाठी वर्षभराची घ्यायचं काही कारण नाही.

दुसऱ्यांदा विद्यापीठात नाव दाखल करताना. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला तिथल्या सरकारी चौकटीतल्या आरोग्य विम्यात जावं लागतं. टीके, एओके, बार्मर, डीएके ही त्यातली माहितीची नावं. त्यांच्यापैकी कुणीतरी विद्यापीठाला ‘एम१०’ नावाची सूचना पाठवायची असते: हा विद्यार्थी विमाधारक आहे, किंवा त्याला या सरकारी विम्यातून सूट दिली आहे. १ जानेवारी २०२२ पासून ही सूचना फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, थेट विमा संस्थेकडून विद्यापीठाकडे जाते. विद्यार्थ्याने पीडीएफ अपलोड करून, झेरॉक्स नेऊन किंवा कन्सल्टन्सीचं पत्र जोडून हे काम होत नाही. भारतातली पॉलिसी पाच लाख डॉलरची असली, तरी तिच्या जोरावर एम१० निघत नाही.

या मुलाचं इथेच अडलं. सप्टेंबरच्या शेवटी तो तिकडे पोचला, पोर्टलवर पॉलिसी चढवली, आणि नोंदणीच्या पानावर आरोग्य विम्यासमोरचा लाल शेरा काही जाईना. कन्सल्टन्सीचं उत्तर व्हॉट्सॲपवर आलं, ‘थांब, सिस्टिम स्लो असते, आमच्या सगळ्या पोरांचं हेच चाललंय.’ त्यात पाच दिवस गेले. नोंदणीची मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या बाईंनी त्याला दोन ओळींत सांगितलं की हा कागद इथे चालणार नाही. मग त्याने एका सरकारी विमा संस्थेकडे ऑनलाइन अर्ज केला. लागलं काय, तर प्रवेशपत्र, पासपोर्ट, फोटो आणि पत्ता. दुसऱ्या दिवशी एम१० गेला, नाव दाखल झालं.

हा अर्ज भारतात बसून, सावंतवाडीच्या किंवा चिपळूणच्या घरातून मोबाइलवर करता येतो. त्याला शुल्क नाही. ‘एम१० काढून देतो, पंधरा हजार’ असं कुणी म्हणालं, तर तो फुकटचा अर्ज भरायचे पंधरा हजार घेतो आहे.

पैसे लागतात ते नंतर, दर महिन्याला. विद्यार्थ्यांचा हप्ता वय, मुलं आहेत की नाहीत आणि निवडलेली विमा संस्था यांवर बदलतो, पण साधारण १४० ते १५५ युरो धरून चाला. तेवीस पूर्ण झालेल्या, मूल नसलेल्या विद्यार्थ्याला दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यापोटी थोडं जास्त भरावं लागतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला जे ९९२ युरो सुटतात, त्यांतूनच हा हप्ता जातो. घरी खर्चाचा हिशोब मांडताना तो धरलेला नसतो, कारण एजंटने ‘मेडिकल झालंय’ असं सांगितलेलं असतं. हप्ते थकले तर विमा संस्था विद्यापीठाला कळवते आणि नाव कमी होण्यापर्यंत गोष्ट जाते.

याहून वाईट सापळा तिथल्याच खासगी विम्याचा. या मुलालाही त्याच कन्सल्टन्सीने एक लिंक पाठवली होती: महिना तीस-पस्तीस युरो, ‘सरकारी विम्यातून सूट घे आणि हा घे’. सूट मिळते, तीन महिन्यांच्या आत मागावी लागते, पण एकदा घेतली की त्या शिक्षणापुरती परत फिरवता येत नाही. पुढच्या वर्षी पाठीचं दुखणं निघालं, खासगी कंपनीने ‘हे आधीपासूनचं’ म्हणून हात वर केले, तरी सरकारी विम्यात परतीची वाट नाही. नशिबाने या मुलाने सूट मागणाऱ्या त्या अर्जावर सही केली नव्हती. तीस ओलांडलेल्यांना आणि नुसत्या भाषेच्या कोर्सला किंवा स्टुडिएनकोलेगला (विद्यापीठाआधीच्या तयारीच्या वर्गाला) जाणाऱ्यांना विद्यार्थी दराचा सरकारी विमा मिळत नाही, त्यांना खासगीच बघावा लागतो. तो अगदी स्वस्तातला नको. राहण्याचा परवाना देणारं कार्यालयही विम्याचे कागद बघतं.

आता त्या तिसऱ्या पानाकडे परत. प्रीमियमच्या वर प्रस्तावकाचा मोबाइल आणि ईमेल छापलेला असतो. या फाइलीत दोन्ही कन्सल्टन्सीचे होते. म्हणजे पॉलिसी मुलाची, पण कंपनीचा प्रत्येक ओटीपी, दाव्याचं प्रत्येक पत्र आणि रद्द करण्याची प्रत्येक सूचना जाणार दुसऱ्याच्या फोनवर. त्याखाली आरोग्याचे प्रश्न होते: दमा, मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, आधीची शस्त्रक्रिया. सगळ्यांपुढे ‘नाही’. मुलाच्या बॅगेत इन्हेलर होता. लहानपणापासून पावसाळ्यात दम लागतो, हे घरात सगळ्यांना माहीत, पण फॉर्म भरणाऱ्याने विचारलंच नाही. उद्या दम्याचा झटका येऊन दवाखान्यात राहावं लागलं असतं, तर कंपनीने ‘माहिती दडवली’ म्हणून दावा फेटाळला असता, आणि कागदावर तरी ती दडवलेलीच होती.

शिवाय प्रवास विम्यात साध्या डॉक्टरकडे गेलं की बहुधा पैसे आधी खिशातून भरायचे, बिलं जपायची, मग दावा करायचा. पॉलिसीत ‘डिडक्टिबल’ म्हणून लिहिलेली रक्कम प्रत्येक वेळी आपली आपण सोसायची. तिथल्या सरकारी विम्याचं कार्ड दाखवलं की डॉक्टर परस्पर विमा संस्थेकडून पैसे घेतो. ताप-खोकल्याच्या औषधोपचारातसुद्धा हा फरक जाणवतो.

देश बदलला की युक्ती बदलते.

ब्रिटनला जाणाऱ्यांकडून ‘व्हिसासाठी सक्तीचा’ म्हणून वेगळा आरोग्य विमा विकला जातो. तसा सक्तीचा विमा तिथे नाहीच. तिथे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा वापरण्याचं शुल्क, भरायचा असतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, आणि वर्षाचा उरलेला तुकडा सहा महिन्यांपर्यंतचा असेल तर त्याचे निम्मे. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा वर्षाहून काही महिने जास्त मिळतो, म्हणून हिशोब ७७६ अधिक ३८८, एकूण १,१६४ पौंड होतो. ‘दोन वर्षांचे भरावे लागतात’ म्हणून १,५५२ पौंडांचे रुपये मागितले, तर ३८८ पौंड मधेच राहिले. आणखी एक बारकावा: व्हिसा नाकारला गेला तर हा सरचार्ज ज्या कार्डावरून भरला त्याच कार्डावर परत येतो. एजंटच्या कार्डावरून भरला असेल तर परतावा त्याच्याकडे जातो, आणि तो आला की नाही हे तुम्हाला तोच सांगणार. कार्ड घरातलं वापरा, ईमेल मुलाचा द्या.

ऑस्ट्रेलियाला ओएसएचसी (परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा) लागतो आणि तो तिथल्या मान्य विमा संस्थांचाच: मेडिबँक, बुपा, अलायन्झ केअर, निब वगैरे. भारतीय पॉलिसी चालत नाही. एजंटला यावर कमिशन मिळतं, त्यात बेकायदा काही नाही. मुदतीत मात्र काटछाट होते. विमा पोचल्यापासून व्हिसा संपेपर्यंत हवा, कोर्स संपेपर्यंतचा नाही. विमा चालू ठेवणं ही व्हिसाची अटच आहे, क्रमांक ८५०१. प्रमाणपत्र हातात आलं की त्यावरचा नंबर घेऊन थेट विमा संस्थेला ईमेल करा: पैसे पोचले का, कुठपर्यंतचे पोचले.

फ्रान्समध्ये परदेशी विद्यार्थ्याची, आरोग्याचा खर्च उचलणाऱ्या सामाजिक सुरक्षा योजनेतली नोंदणी फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्याशी पुढे बोलायचंच नाही.

अमेरिकेत एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाला केंद्र सरकारची विम्याची अट नाही, जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसाला आहे: प्रत्येक आजारामागे किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण, रुग्णाला मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार, मृतदेह परत आणण्यासाठी २५ हजार, आणि डिडक्टिबल ५०० डॉलरच्या वर नको. एफ-१ वाल्यांना अट घालतं ते विद्यापीठ. पुष्कळ ठिकाणी विद्यापीठाचा विमा फीच्या बिलात आपोआप लागतो. आपला विमा असेल तर विद्यापीठाच्या विम्यातून सूट मागायची, तीही ठरलेल्या तारखेआधी. ‘ही पॉलिसी घ्या, सूट मिळेल’ असं इथे कुडाळात बसून कुणी सांगू शकत नाही. विद्यापीठाच्या वेबसाइटवर सूट मिळण्याच्या अटींचं पान असतं. ते पान आणि पॉलिसी शेजारी ठेवून अटी एकेक करून जुळवा. एक जरी जुळली नाही तरी सूट नाकारली जाते आणि दोन्हीकडचे पैसे जातात.

पॉलिसी इथलीच घ्यायची असेल तर पैसे विमा कंपनीच्या नावाने, कंपनीच्या पानावरून भरा. कन्सल्टन्सीच्या क्यूआरवर जीपे केलं की तुम्ही कन्सल्टन्सीचे ग्राहक झालात, विमा कंपनीला तुम्ही किती दिले हे ठाऊकच नसतं. पॉलिसीवर त्या योजनेचा यूआयएन (नोंदणी) क्रमांक आणि विकणाऱ्याचा एजंट किंवा पीओएस (विक्री प्रतिनिधी) कोड असतो. कोडाच्या जागी भलतंच नाव दिसलं, तर समोरचा माणूस दुसऱ्याच्या परवान्यावर धंदा करतोय. कोरा प्रस्ताव अर्ज सही करून देऊ नका. विमान सुटायच्या आधी चूक लक्षात आली तर बहुतेक कंपन्या थोडी रक्कम कापून पॉलिसी रद्द करतात. प्रवास सुरू झाल्यावर ते फार अवघड होतं.

या प्रकरणात तेच झालं. मुलगा तिकडे गेला होता, म्हणून कंपनीकडून प्रीमियम परत मिळाला नाही. वरच्या ५४,५४० रुपयांशी कंपनीचा संबंधच नव्हता. तक्रार कुठे करायची तेही म्हणून दोन वाटांनी फुटतं. विमा कंपनीविरुद्ध असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला पुण्याचं कार्यालय लागतं, फी नाही, वकील लागत नाही. कन्सल्टन्सी लोकपालाच्या कक्षेत येत नाही. तिच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, जिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि त्याआधी सल्ल्याला ग्राहक हेल्पलाइन १९१५. पॉलिसीच बनावट निघाली तर थेट पोलीस. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

पावतीवरचं ‘फुल’ आणि पॉलिसीवरचा प्रीमियम, असे दोन कागद शेजारी ठेवून अर्ज केला तर कन्सल्टन्सीला उत्तर द्यायला जड जातं. या घराकडे दोन्ही होते. पण पॉलिसी मुलाच्या नावावर, पैसे वडिलांच्या खात्यातून गेलेले, आणि मुलगा सात हजार किलोमीटरवर. विमा कंपनीने वडिलांच्या पत्राला पहिलं उत्तर दिलं ते एवढंच, की पॉलिसीधारकाचं अधिकारपत्र जोडा. जायच्या आदल्या आठवड्यात, बॅगा भरतानाच, मुलाची सही असलेलं असं अधिकारपत्र, पासपोर्टची प्रत आणि पॉलिसीची पूर्ण प्रत घरच्या कपाटात ठेवायला पाच मिनिटं लागतात. सगळ्या पानांची, तिसऱ्यासकट.