जुना डिझेल पिकअप, ॲक्सिलरेटर दाबताच अडखळणं आणि ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अडॅप्टर (गाडीच्या ओबीडी म्हणजे तपासणीच्या सॉकेटला लावला की इंजिनची माहिती फोनच्या ॲपवर दाखवणारं यंत्र) बीएस-४ कॉमनरेल पिकअपवर काही महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: हे यंत्र बिघाडाचे कोड वाचण्यासाठी घेऊ नका, ग्राफ बघण्यासाठी घ्या. लोड भरून चढावर गाडी गुदमरते, पण चेक इंजिनचा दिवा लागत नाही. कोडच नसतो, आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं.

ॲपमध्ये चारच गोष्टी लावा: ॲक्सिलरेटर पेडल, आरपीएम, रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतला दाब) आणि मॅप म्हणजे इनटेकमधल्या हवेचा दाब. जास्त लावल्या तर माहिती उशिरा येते. के-लाइन ही माहिती पाठवायची जुनी, सावकाश पद्धत असलेल्या गाड्यांत तर अर्ध्या सेकंदाचा झटका ग्राफमध्ये सापडतच नाही. लोड असताना, रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून पेडल पूर्ण दाबा आणि ३००० पर्यंत धरून ठेवा. फोन शेजारच्याच्या हातात द्या.

मग बघायचं एवढंच, की आधी काय पडलं. पाय दाबलेला असताना पेडलचीच रेषा खाली गेली तर पेडल सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर. आरपीएम चढतोय पण मीटरवर स्पीड वाढत नाही, तर क्लच घसरतोय. यात इंजिन उगाच खोललं जातं.

रेल प्रेशर आयडलला साधारण २५० ते ३५० बार असतं (ॲप किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर ३०,००० म्हणजे ३०० बार). पूर्ण पेडलवर ते हजाराच्या वर जायला हवं. ते मध्येच कोसळलं तर डिझेल कमी पडतंय. आधी फिल्टर बदला. तरीही तेच, तर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक डिझेल होज लावून रेस द्या. फिल्टर बदलल्यावर थोडे बुडबुडे येतात आणि थांबतात. येतच राहिले तर लाइन हवा धरतेय. बऱ्याच गाड्यांत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून घेतलं जातं, त्यामुळे गळती असली तरी बाहेर थेंब दिसत नाही, उलट हवा आत जाते. फिल्टरखालच्या पाणी काढायच्या स्क्रूची ओ-रिंग, हँड प्रायमर आणि होज क्लिपा तपासा. बुडबुडे नसतील तर सक्शन पाइप स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये सोडून बघा. गाडी सुधारली तर टाकीतली जाळी किंवा पाइप तुंबलाय. नाही सुधारली, तर इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या सारख्या बाटल्यांत सोडून आयडलवर चालवा. जी बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते, तो इंजेक्टर काढायचा. सगळ्या सारख्या भरल्या तर पंपाच्या मीटरिंग व्हॉल्व्हकडे (पंपात जाणारं डिझेल कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) वळा. मात्र चालू इंजिनवर रेलचा हाय प्रेशर पाइप कधीही ढिला करू नका. ती धार कातडीतून आत शिरते.

रेल ठीक, पण मॅप वाढत नाही? आधी सेन्सरच तपासा. इंजिन बंद, चावी ऑन: कोकण किनाऱ्यावर १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या जवळ दिसायला हवं. फारच वेगळा आकडा असेल तर सेन्सर काजळीने भरलाय. इलेक्ट्रॉनिक क्लीनरने धुवा, तार घालून खरवडू नका. आकडा बरोबर असेल तर इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी होजची खालची बाजू हाताने वाकवून बघा. तिथली चीर आयडलला बंद असते, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब आला की उघडते. भोवती तेलाचा ओला, धूळ चिकटलेला डाग हीच तिची खूण. होज चांगली असेल आणि काळा धूर येत असेल, तर उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा). तो काढून साफ करा.

आता अडॅप्टरबद्दल. स्वस्त नकली अडॅप्टरांपैकी ‘२.१’ आवृत्ती लिहिलेल्या बऱ्याच अडॅप्टरांत काही कमांड चालत नाहीत, त्यामुळे के-लाइनवर ते जोडलेच जात नाहीत. साधं ब्लूटूथ असेल तर आयफोनला चालणार नाही. गाडी बीएस-३ असेल तर घेण्याआधी कुणाचा तरी लावून बघा, कारण सॉकेट असलं तरी साधी ओबीडी माहिती मिळेलच असं नाही. आणि काम झालं की काढून ठेवा: सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट पुरवठा असतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.