घरी बनवलेलं सीव्हीटी: आठ महिने रोज चालवल्यानंतर

गेले आठ महिने माझं ड्रिलिंग मशीन मी स्वतः बनवलेल्या सीव्हीटीवर, म्हणजे पायऱ्यांशिवाय सलग वेग बदलणाऱ्या यंत्रणेवर, चालतंय. त्याआधी दोन रचना करून मोडल्या. तिसरी टिकली, आणि ती का टिकली हे सांगण्यासाठी आधीच्या दोघींबद्दलही लिहावं लागेल.

मोटर अर्ध्या एचपीची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची. १२ मिमीच्या ड्रिलला साध्या पोलादात ६५०च्या आसपास फेरे हवेत, ३ मिमीला २६००च्या वर. पायऱ्यांच्या पुलीवर दर वेळी झाकण उघडून बेल्ट हलवावा लागायचा. व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावून फेरे कमी करता येतात, पण त्याने मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढत नाही, आणि मोठं भोक पाडताना नेमका तोच कमी पडतो. पुलीने फेरे अडीचपट कमी केले की टॉर्क जवळपास अडीचपट मिळतो. म्हणून हा खटाटोप.

पहिली रचना सगळ्यात सोपी: मोटरवर सपाट चकती, तिच्या तोंडावर टेकलेलं रबरी चाक. चाक मध्याकडे सरकवलं की फेरे कमी, कडेकडे नेलं की जास्त. चाक २० मिमी रुंद होतं. ते मध्यापासून ६० मिमीवर टेकवलं, तर त्याची आतली कड ५० मिमीवर आणि बाहेरची ७० मिमीवर येते. चकतीचा वेग या दोन ठिकाणी ५ला ७ असा वेगळा, चाकाचा मात्र एकच. म्हणजे रबर कायम कुठेतरी घासतच राहणार. दहा मिनिटांत खाली काळी भुकटी पडायची. चाक ६ मिमीचं केल्यावर ती बरीच कमी झाली, पण खरी अडचण दाबाची होती. मध्याकडे ३० मिमीवर आलं की तोच टॉर्क घ्यायला ६० मिमीच्या दुप्पट जोराने चाक दाबावं लागतं. हिशोबाने वीसेक किलोचा दाब लागत होता, आणि तो सगळा शाफ्टच्या दिशेने मोटरच्या बेअरिंगवर जात होता. बेअरिंगच्या बाजूला हात ठेववत नव्हता.

दुसरी रचना समोरासमोर उलटे ठेवलेले दोन शंकू आणि त्यांवर सपाट पट्टा. दिसायला देखणी. पण सपाट पट्टा शंकूवर नेहमी मोठ्या व्यासाकडे चढतो. शंकू उलटे असल्याने एका टोकाला तो डावीकडे ओढ घेतो, दुसऱ्या टोकाला उजवीकडे. चिमट्याने धरून ठेवला तर कडांचे धागे सुटायला लागले. शिवाय सरळ उताराच्या शंकूंवर पट्टा मधोमध सैल पडतो. माझे व्यास ४० ते १०० मिमी आणि शाफ्टांमधलं अंतर २५० मिमी होतं, तेव्हा टोकांना मधल्यापेक्षा साडेतीन मिमीहून जास्त लांबी लागत होती. एवढ्याने मधल्या वेगांना पट्टा साफ घसरायचा. शंकूला किंचित फुगवटा द्यायला हवा होता किंवा ताण देणारी रोलर लावायला हवी होती. तेव्हा हे सुचलं नाही, आता पक्कं माहीत आहे.

तिसरी रचना दुभंगलेल्या पुल्यांची: पुलीचे दोन अर्धे भाग जवळ आणले की बेल्ट वर चढतो, दूर नेले की आत उतरतो, आणि तसा वेग बदलतो. १९५८च्या डाफ ६०० या मोटारीत रबरी व्ही-बेल्टवर हीच कल्पना रस्त्यावर आली, आणि गिअरलेस स्कूटरमध्ये आजही हीच असते. मी स्कूटरचा बेल्ट आणि तिचीच मागची पुली घेतली. मोटरकडची पुली लेथवर काढून घेतली आणि तिचा सरकता अर्धा भाग स्क्रूच्या हँडलने पुढेमागे होईल असा केला. व्ही आकारात बेल्ट पाचरीसारखा बसतो. बाजूंचा एकूण कोन २८ अंश धरला तर तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या सुमारे चौपट जोराने तो पुलीला दाबला जातो. मात्र कोन जुळायलाच हवा. मी बेल्टच्या बाजूंवर मार्करने आडव्या रेघा ओढल्या आणि पुली हाताने फिरवली. रेघा फक्त वरच्या कडेला पुसल्या गेल्या. पुन्हा लेथ, पुन्हा रेघा. तिसऱ्या खेपेला त्या वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या.

मागच्या पुलीतली तिरकी खाच आणि पिन हा या रचनेचा प्राण आहे. भार वाढला की सरकता भाग खाचेतून किंचित वळतो आणि बेल्टला आणखी आवळतो. भार गेला की सैल. पहिल्या रचनेत मी कायम जास्तीत जास्त दाब देऊन ठेवत होतो, इथे लागेल तेवढाच दाब लागेल तेव्हा मिळतो. पहिले दोन दिवस मात्र उलटंच होत होतं: ड्रिल पोलादात शिरलं की बेल्ट घसरायचा आणि जळक्या रबराचा वास यायचा. पुली शाफ्टवर उलट्या तोंडाने बसली होती, त्यामुळे भार आला की खाच तिला उघडत होती. ती फिरवल्यावर मोटरकडची पुलीही फिरवावी लागली. दोन्हींचे सरकते भाग विरुद्ध बाजूंना नसतील, तर वेग बदलताना बेल्ट तिरका धावतो.

आता फेरे ५८०पासून ३५००पर्यंत सलग मिळतात. १२ मिमीचं ड्रिल १० मिमी पट्टीतून न अडखळता जातं, आणि कापताना आवाज ऐकून वेग जुळवता येतो, हे सुख मला सगळ्यात मोठं वाटतं. हँडल फक्त मशीन चालू असताना फिरवायचं, बंद असताना बेल्ट पुलीवर चढूच शकत नाही. ग्रीस चिमूटभरच, कारण बेल्टवर उडालं की पकड गेली. आणि रोज एकदा हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. महिनाभर एकाच वेगावर काम केलं, तेव्हा सरकता भाग शाफ्टवर जाम झाला होता.

बेल्टची रुंदी आठ महिन्यांत जेमतेम अर्धा मिमी कमी झाली. झिजतोय तो सरकत्या भागाचा बुश, म्हणजे तो ज्यावर शाफ्टवर सरकतो ती नळी. तिथे चावीजवळ (पुलीला शाफ्टसोबत फिरवणाऱ्या पट्टीजवळ) विटकरी भुकटी दिसते आणि हाताने हलवलं तर बारीक खडखड जाणवते. कमी वेगाला ती ऐकूही येते. पुढच्या आठवड्यात पितळेऐवजी गनमेटलचा, आधीपेक्षा दीडपट लांब बुश टाकतोय.