फोन आणि गाणे, दोन्हींसाठी एकच हेडसेट: इअरबड्स, नेकबँड की दांडीचा माइक?

ठाण्याहून महाप्याला रोजचे जाणे-येणे, दिवसाला पंचवीस-तीस फोन आणि उरल्या वेळात थोडे गाणे, एवढ्यासाठी एकच वायरलेस हेडसेट पुरावा अशी माझी साधी अपेक्षा होती. ती पुरी व्हायला साडेतीन वर्षे आणि तीन खरेद्या लागल्या. आधी नेकबँड, मग बाहेरचा गोंगाट दाबणारे इअरबड्स आणि आता, गेले दहा महिने, तोंडासमोर माइकची दांडी येणारा हेडसेट. तिन्ही अजून घरात आहेत आणि चालू आहेत, त्यामुळे पुढची तुलना निव्वळ आठवणीवर बेतलेली नाही. कंपन्यांची नावे मुद्दाम घेत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत मला जेवढा फरक दिसला तेवढा कित्येकदा दोन कंपन्यांतही दिसला नाही. ब्लूटूथची आवृत्ती आणि बॅटरीचे तास खोक्यावर छापलेले असतातच.

माझे काम निर्यातीच्या कागदपत्रांचे आहे आणि फोनवरचा पलीकडचा माणूस बहुधा न्हावाशेवा बंदराच्या आसपास असतो. कंटेनरचा क्रमांक म्हणजे चार अक्षरे आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणित करून काढलेला असतो, म्हणजे चूक झाली तर ती बहुतेक वेळा तिथेच पकडली जावी. हा क्रमांक आम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवतोच. तरीही गेटवर एका हातात कागद धरून उभा असलेला माणूस फोन करून तो तोंडी पडताळून घेतो, आणि तो फोन नेमका मी ठाणे स्टेशनात ट्रान्स-हार्बरच्या गाडीची वाट पाहत उभा असताना येतो. माझी कसोटी हीच होती, आणि ती सर्वांची असेल असे नाही. आपले बहुतेक फोन घरातल्या शांत खोलीतून होत असतील, तर माझा निष्कर्ष आपल्याला कदाचित लागू पडणार नाही.

गाण्याचा निकाल आधी सांगून टाकतो, कारण त्यात फारसा वाद नाही. गाडीत गाणे ऐकायचे तर गोंगाट दाबणारे इअरबड्सच घ्यावेत. हे तंत्र खालच्या पट्टीच्या, एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर सर्वाधिक परिणामकारक असते. पंखा, वातानुकूलन, चाकांची घरघर हे सारे त्यात मोडते. परिणामी ठाणे सुटून गाडी खाडीच्या पुलावर गेली तरी विलंबित ख्यालातला तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याची घुमक जागेवर राहते. दांडीच्या हेडसेटवर त्याच पुलावर डग्गा जवळजवळ नाहीसा होतो आणि केवळ उजव्या तबल्याच्या कडेची चाट तेवढी ऐकू येते. नेकबँडच्या रबरी बोंडांनी कान बरा बंद होतो, त्यामुळे तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आकसून बांधण्याच्या पद्धतीच्या, चर्चेत मात्र फार वेळ घालवू नये असे मी सुचवेन. आयफोन एएसी वापरतो, त्याला एलडॅक किंवा अॅपटेक्स चालत नाही. अँड्रॉइडवर पर्याय अधिक असतात. पण गर्दीच्या डब्यात हा फरक माझ्या कानांना तरी कळला नाही.

नेकबँडबद्दल थोडक्यात. तो स्वस्त असतो, हरवत नाही, गळ्यात पडलेला असल्यामुळे फोन आला की शोधाशोध करावी लागत नाही, आणि बॅटरी इअरबड्सपेक्षा मोठी असल्याने मधल्या वेळी चार्जिंगची आठवण ठेवावी लागत नाही. माझी अडचण एवढीच झाली, की त्याचा माइक गळ्याशी, कॉलरच्या उंचीवर होता, आणि मान वळली की शर्टाची कॉलर त्यावर घासून पलीकडे खरखर ऐकू जाई. तोच नेकबँड पत्नीने काही दिवस वापरला तेव्हा कॉलरऐवजी मंगळसूत्र माइकवर आपटू लागले आणि तिच्या बहिणीने पहिल्याच फोनवर, पाऊस पडतोय का गं तिकडे, असे विचारले. मे महिना होता.

आता ज्या त्रासामुळे माझा निर्णय झाला त्याकडे येतो. इअरबड्सवर मला पलीकडचा माणूस इतका स्वच्छ ऐकू येई, की माझा आवाजही त्याला तसाच जात असेल हे मी गृहीत धरले होते. हेडसेट आपण आपल्या कानांनी पारखून घेतो, पण त्याचा निम्मा भाग, म्हणजे माइक, आपल्याला कधीच ऐकू येत नाही. तो ज्याला ऐकू येतो त्याने पैसे मोजलेले नसतात, आणि सौजन्यापोटी तो काही दिवस बोलतही नाही. मला हे कळायला चार महिने लागले. एके संध्याकाळी आमच्या एजंटने, "साहेब, तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, एस म्हणालात की एफ?" असे तिसऱ्यांदा विचारले आणि मग, "तुम्ही ऑफिसातून फोन करता तेव्हा बरं असतं," अशी पुस्ती जोडली. त्यानंतर मी लक्ष देऊन ऐकू लागलो. स्टेशनातून केलेल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर मला "बी फॉर बॉम्बे, पी फॉर पुणे" असा पाढा म्हणावा लागत होता, आणि तो म्हणताना मी ओरडत होतो, म्हणजे फलाटावरच्या अनोळखी मंडळींना कंटेनर क्रमांक माझ्या एजंटच्या आधी कळत होता.

याचे कारण समजून घेतले तर निवड सोपी होते. इअरबडचा माइक कानाशी असतो, तोंडापासून दहा-बारा सेंटीमीटर दूर. दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्यापासून तीनेक सेंटीमीटरवर असतो. ढोबळमानाने, आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी सहा डेसिबलने उतरते. तीनचे सहा आणि सहाचे बारा, म्हणजे कानापाशी पोहोचेपर्यंत माझा आवाज सुमारे बारा डेसिबलने उतरलेला असतो, आणि फलाटावरची उद्घोषणा मात्र दोन्ही माइकांना सारख्याच जोराने ऐकू येते. ही तूट इअरबड्स गणिताने भरून काढू पाहतात. दोन-तीन माइकांतून आलेल्या आवाजांची तुलना करून जे तोंडाच्या दिशेचे वाटत नाही ते छाटायचे, असा तो प्रकार असतो. पंख्याच्या घरघरीवर तो उत्तम चालतो. पण ठाण्याच्या फलाटावरचा गोंगाट मुख्यतः माणसांच्या आवाजाचा असतो, आणि एका माणसाच्या बोलण्यातून दुसऱ्याचे बोलणे वगळणे अवघड असल्यामुळे छाटणीत माझीही अक्षरे जातात. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो तो त्यामुळेच.

त्यात "स"सारख्या घर्षण वर्णांचा जोर बराचसा चार हजार हर्ट्झच्या वर असतो. फोनचे जुने मार्ग 3,400 हर्ट्झच्या आसपासच थांबत. व्होल्टीमुळे, म्हणजे 4जीवरून होणाऱ्या फोनांमुळे, ही मर्यादा साधारण 7,000 पर्यंत गेली, पण ब्लूटूथवरील संभाषणाचा जुना कोडेक सेकंदाला आवाजाचे 8,000 नमुनेच घेतो आणि त्यामुळे त्याच्या निम्म्यावरचे, म्हणजे 4,000 हर्ट्झवरचे, काहीच पुढे जात नाही. 16,000 नमुन्यांचा नवा कोडेक आता सर्रास असतो, मात्र तो फोन आणि हेडसेट दोघांनाही यावा लागतो. साखळीतली एक कडी जुनी असली तरी एस आणि एफ पुन्हा जुळे भाऊ होतात.

दुकानात याबाबत हमखास गल्लत होते. गोखले रोडवरच्या दोन दुकानांत मी विचारले, की माइकचा गोंगाट कमी होतो का, आणि दोन्हीकडे उत्तर मिळाले, "हो साहेब, एएनसी आहे ना." एएनसी हे माझ्या कानात येणारा गोंगाट दाबण्याचे तंत्र आहे, पलीकडच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. माइकच्या बाजूच्या छाटणीला खोक्यावर बहुधा ईएनसी असे लिहिलेले असते, आणि त्या तीन अक्षरांमागे एखादा साधा माइक आहे की चांगली जुळवाजुळव, हे खोक्यावरून कळत नाही. उलट एएनसीचा एक तोटा मला वापरातच कळला: कान पूर्ण बंद झाल्यामुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, बाहेर किती जातो याचा अंदाज राहत नाही आणि माणूस नकळत आवाज चढवतो. माझ्या दांडीच्या हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज हलकासा कानात परत सोडण्याची सोय आहे, तिला साइडटोन म्हणतात. ती सुरू केल्यापासून मी डब्यात ओरडत नाही, असे सहप्रवासी नसले तरी पत्नी मान्य करते.

लॅपटॉपवर मीटिंगा करणाऱ्यांसाठी आणखी एक बाब सांगायला हवी, जी तिन्ही प्रकारांना लागू आहे. गाणे ऐकताना ब्लूटूथ एका दिशेचा, दोन्ही कानांचा, रुंद मार्ग वापरते. माइक सुरू झाला की तो मार्ग बंद होऊन दुहेरी, एका कानाच्या दर्जाचा संभाषणमार्ग उघडतो. म्हणूनच मीटिंग सुरू होताच मागे चाललेले गाणे जुन्या ट्रान्झिस्टरवर लागल्यासारखे वाटते, आणि पुष्कळजण हेडसेट बिघडला समजून तो परत करतात. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत हा प्रश्न बराच सुटतो, पण त्यासाठीही दोन्ही टोकांची उपकरणे नवी हवीत. तोवर घरी असताना लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडणे आणि हेडसेट फक्त ऐकण्यासाठी ठेवणे, हा उपाय मला पुरला. फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवण्याची सोय तिन्हींत होती. लॅपटॉपने टिंग केले की फोनवरचे गाणे थांबते, हा तिचा तिन्हींतला सारखाच उपद्रव.

दांडीच्या हेडसेटचे दोष लपवण्यात अर्थ नाही. तो मी सुमारे साडेसहा हजारांना घेतला आणि त्या किमतीत गाण्यासाठी उघडच सरस असे इअरबड्स मिळाले असते. तो खिशात मावत नाही. कानांवर टेकणाऱ्या गाद्यांखाली आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये घाम येतो आणि कोपरखैरण्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहिले की तो काढून गळ्यात घ्यावाच लागतो. त्या गाद्यांचे कृत्रिम कातडे इथल्या दमट हवेत काही काळाने सोलवटते, म्हणून सुट्या गाद्या मिळतात की नाही हे खरेदीआधी पाहावे. दिसण्याबद्दल तर बोलायलाच नको, पहिल्या दिवशी कार्यालयात मला "कोणत्या बँकेतून बोलताय?" असे तिघांनी विचारले. इअरबड्सना मात्र एक भीती होती जी याला नाही. गाडीत चढताना एक बड फलाटाच्या कडेपर्यंत घरंगळला होता, आणि सुट्या बडची चौकशी केल्यावर कळलेली किंमत ऐकून मी तेव्हापासून गाडीत चढण्याआधी दोन्ही बड डबीत टाकू लागलो. म्हणजे फोन येण्याच्या नेमक्या वेळी ते कानात नसत.

तरीही मी दांडीकडे झुकलो आणि त्यामागे मोजमाप असे काही नाही. दांडीचा हेडसेट घेतल्यावर आठवडाभर, एकाच फलाटावरून, रोज ठरलेल्या वेळी, त्याच एजंटला तिन्ही उपकरणांवरून आळीपाळीने फोन केले आणि क्रमांक परत म्हणून दाखवायला सांगितले. दांडीवरून त्याने एकदाही पुन्हा विचारले नाही. नेकबँडवर कधीकधी विचारले, इअरबड्सवर दरवेळी. हा प्रयोग शास्त्रीय नव्हे हे मान्य. माझ्या इअरबड्सपेक्षा महागड्या जोडीवर निकाल वेगळा आला असता, हेही शक्य आहे. पावसाळ्यात दाराशी वारा लागतो तेव्हा दांडीलाही वाऱ्याच्या घोंघावण्याचा आवाज येतो. माइकवर स्पंजची टोपी घातल्याने तो बराच कमी झाला.

ज्यांचे फोन दिवसाला चार-पाच, तेही घरच्यांचे, आणि प्रवास मोठा, त्यांनी निःशंक इअरबड्स घ्यावेत. ज्यांना दीड हजाराच्या आत बसवायचे आहे त्यांना नेकबँड पुरेल, फक्त कॉलर नसलेला सदरा घालावा. पण चुकीच्या ऐकलेल्या एका अक्षरासाठी ज्यांना पुन्हा फोन करावा लागतो, औषधांची नावे सांगणारे, पत्ते सांगणारे, खाते क्रमांक सांगणारे, त्यांनी दांडी एकदा तरी लावून पाहावी असे वाटते.

लावून पाहताना एक सावधगिरी बाळगावी. दुकानात उभे राहून फोनच्या रेकॉर्डर अॅपमध्ये आवाज टिपू नये, कारण पुष्कळ अॅप हेडसेट जोडलेला असूनही फोनचाच माइक वापरतात आणि निकाल छान येतो. त्याऐवजी दुकानाच्या दाराशी, रस्त्याकडे तोंड करून उभे राहावे, घरी फोन लावावा आणि कोणालातरी दहा-बारा अक्षरे-आकडे लिहून घ्यायला सांगावे. मी हे केले तेव्हा मुलाने सगळे बरोबर लिहिले आणि वर, मागे वडापाववाला "दोन तिखट" म्हणाला तेही कळवले. इअरबड्स आता त्याच्याकडे आहेत. रविवारी सकाळी तो उठण्यापूर्वी मी ते तासभर मागून घेतो.