लाल माती की स्टोनवेअर? पहिली भट्टी घेण्याआधी

चाकावर हात बसलाय, नोकरी सोडायची की अर्धवेळ करायची याची घरात चर्चा झालीय, कामाला बाल्कनी किंवा गावाकडची पडवी मिळालीय. आता प्रश्न उरतो भट्टीचा, आणि भट्टीचा प्रश्न मुळात मातीचा असतो. कमी तापमानाला भाजायची लाल माती, म्हणजे टेराकोटा, की जास्त तापमानाचं स्टोनवेअर? वर्गात शिकताना दोन्ही मातींना हात लागलेला असतो. पण स्वतःच्या जिवावर काम सुरू करायचं, तर पहिली काही वर्षं एकीवरच पाय रोवून उभं राहावं लागतं, कारण दोघींचा खर्च वेगळा, गिऱ्हाईक वेगळं आणि दिवसाचा क्रमही वेगळा. मी दोन्हींत काम केलंय. माझा कल लाल मातीकडे आहे हे आधीच सांगून ठेवते. मात्र स्टोनवेअर जिथे सरस आहे, तिथे ते सरस आहे असंच लिहिणार आहे.

आगीत काय होतं

लाल मातीत लोह असतं, त्यामुळे भाजल्यावर तिला विटेचा रंग येतो. साधारण ९०० ते १०५० अंश सेल्सिअसला तिचे कण एकमेकांना घट्ट धरतात, पण मधली छिद्रं तशीच राहतात. माठातलं पाणी या छिद्रांतून झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. माठाचा हा गुण चहाच्या कपात मात्र दोष ठरतो.

स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांपर्यंत जातं. तिथे मातीतलं फेल्डस्पार हे खनिज वितळून काचेसारखं होतं आणि छिद्रं भरून काढतं. थंड झालेल्या भांड्यावर टिचकी मारली तर खणखणीत नाद येतो, आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, नसलेल्या बुडातूनही पाणी फारसं आत शिरत नाही. म्हणून रोजच्या वापराचे मग, ताटल्या, वाडगे करायचे असतील, तर स्टोनवेअरच घ्या. लाल मातीवर ग्लेझ लावून काम भागेल असं वाटतं, पण ग्लेझ आणि माती थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत तर ग्लेझवर केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून आणि उघड्या बुडातून पाणी मुरत राहतं, भांडं जड होतं, मायक्रोवेव्हमध्ये चटका बसेल इतकं तापतं. शिवाय कमी तापमानाच्या ग्लेझमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी शिसेविरहित असल्याची खात्री पटल्याशिवाय असं ग्लेझ घेऊच नका.

एका बाबतीत मात्र गोष्ट उलटी आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. थेट आचेवर ठेवायचं भांडं हवं असेल, तर जाडसर वाळू घातलेल्या कमी भाजलेल्या मातीचंच करावं लागतं. तिची छिद्रं उष्णतेचा धक्का पचवतात. साधं स्टोनवेअर गॅसच्या शेगडीवर ठेवलं तर तडकतं. त्यामुळे कालवणाची हंडी लाल मातीची आणि ते वाढायचा वाडगा स्टोनवेअरचा, अशी कामाची वाटणी आपोआपच होते.

जागा, वीज आणि पैसा

बहुतेक जण इथे विजेच्या बिलाला घाबरतात, म्हणून आधी तो हिशेब मांडू. सुमारे शंभर लिटरची, आठ-नऊ किलोवॅटची विजेची भट्टी धरा. ग्लेझचं फायरिंग आठ ते दहा तास चालतं, पण भट्टी सगळा वेळ पूर्ण जोराने वीज ओढत नाही. साधारण ५० ते ६० युनिट लागतात. त्याआधीच्या बिस्क फायरिंगला, म्हणजे हजार अंशांच्या आतबाहेरच्या पहिल्या भाजणीला, याहून कमी. युनिटला दहा रुपये धरले, तर दोन्ही फायरिंगचे मिळून नऊशे-हजार रुपये होतात. भट्टीत तीसेक मग बसले, तर एका मगावर तीस-बत्तीस रुपये पडतात. म्हणजे विजेने धंदा बुडत नाही.

खरा पैसा दुसरीकडे जातो. १३०० अंशांची भट्टी ११०० अंशांच्या भट्टीपेक्षा चांगलीच महाग असते, कारण तिला जाड विटा, तापणाऱ्या भारी तारा आणि न वाकणारी शेल्फं लागतात. त्या तारा उच्च तापमानाला लवकर झिजतात आणि पुन्हा बसवाव्या लागतात. इतका भार घरगुती सिंगल फेजवर झेपत नाही, तेव्हा थ्री फेज जोडणी घ्यावी लागते आणि फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटीची परवानगीही. यात निम्मं वर्ष निघून जाऊ शकतं. त्यावर ग्लेझचा कच्चा माल: फेल्डस्पार, क्वार्ट्झ, खडूची पूड, चायना क्ले, लोह आणि तांब्याची ऑक्साइडं, आणि निळ्यासाठी कोबाल्ट, ज्याचा भाव ऐकून हात आखडतो. आणि सगळ्यात महाग म्हणजे फसलेलं फायरिंग. ग्लेझ ओघळून मग शेल्फला चिकटला, तर मगही जातो आणि शेल्फही.

लाल मातीचा जम लवकर बसतो. ग्लेझ नको असेल तर एकाच भाजणीत काम पुरं होतं. भट्टी लहान आणि स्वस्त चालते. गावात अंगण असेल तर आवा लावता येतो: गोवऱ्या, लाकूड, भुसा, वर खापऱ्या आणि राखेचं लिंपण. मात्र शहरात आव्याचा विचार सोडा. धारावीच्या कुंभारवाड्यात कापडाच्या चिंध्या जाळून भट्ट्या पेटतात आणि धूर गल्लीभर पसरतो. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्यांना तो टळलेला नाही, आणि तुमच्या इमारतीतले शेजारी तर पहिल्याच दिवशी दार ठोठावतील. यापेक्षा जवळच्या गावातल्या कुंभाराशी बोला. त्याच्या आव्यात एका कोपऱ्याची जागा मागा आणि तिचे योग्य पैसे द्या. कुठल्या थरात जास्त आच लागते, वारा कुठून आला की कुठली बाजू काळी पडते, हे त्याला पाठ असतं आणि वर्गात ते कोणी शिकवत नाही.

धुळीचं दोन्हीकडे सारखंच आहे. सुकलेल्या मातीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते. केरसुणी वापरू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ग्लेझची पूड मिसळताना नीट बसणारा मास्क लावा. घरात लहान मूल असेल तर कामाची जागा वेगळीच हवी.

माती आणायची कुठून

स्टोनवेअरची माती तयार मिळते. गोणी उघडायची, मळायची, चाकावर ठेवायची. दर वेळी तीच माती, तेच आकसणं, साधारण बारा-तेरा टक्के. सहा मगांची ऑर्डर आली आणि सहाही एका मापाचे हवे असले, तर याला तोड नाही.

लाल मातीत तुम्ही थेट जमिनीशी बोलता. आपल्याकडची काळी कापसाची जमीन भांड्याला एकटी चालत नाही. पाण्याने ती फार फुगते आणि सुकताना फाटते. म्हणून कुंभार तिच्यात तळ्याचा गाळ, वाळू, राख, लीद मिसळतात, आणि प्रत्येक गावाचं प्रमाण वेगळं. आपल्या शेताच्या बांधावरची माती बादलीत भिजवायची, फडक्यातून गाळायची, विटांवर पसरून आटवायची आणि चिमूटभर वळी बोटाला गुंडाळून ती तडकते का पाहायची, यात एक अख्खा उन्हाळा जाऊ शकतो. ज्याला हे काम कटकटीचं वाटतं, त्याने लाल मातीच्या वाटेला जाऊ नये. मला विचाराल तर माझं निम्मं शिक्षण त्या बादलीत झालं.

कुठल्या वाटेवर काय सुचतं

महाराष्ट्रात राहून लाल मातीत काम करणाऱ्याला प्रेरणेसाठी लांब जावं लागत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं. तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची भांडी निघाली, आणि कुंभाराची भट्टीही. चाकावरची पातळ भांडी, तांबड्या अंगावर काळ्या रेघा, आणि बाजूला निघालेली लांब तोटी. त्या तोटीचा जोड जवळून बघा. पोटाच्या गोलाव्यातून ती बाहेर पडते, तिथे वळण कुठेही तुटत नाही. आजही किटलीची तोटी बसवताना आपण याच जागी अडतो. ही भांडी इतकी पक्की भाजलेली आहेत की वाजवली तर धातूसारखी वाजतात. लाल माती म्हणजे ओबडधोबड, असं म्हणणाऱ्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन जावं.

दुसरं ठिकाण धाराशिव जिल्ह्यातलं तेर. सातवाहनकाळातलं हे मोठं व्यापारी गाव. तिथल्या संग्रहालयात मातीच्या मूर्ती आहेत, तळहातावर मावणाऱ्या, केशरचना आणि दागिन्यांसकट. त्याच गावचे संत गोरा कुंभार. मडक्यावर थापटणं मारून ते भाजलं की कच्चं हे जसं ओळखतात, तशी त्यांनी संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. आपण आजही भट्टीतून काढलेलं भांडं असंच वाजवून पाहतो.

आणि लाल मातीवर ग्लेझच नको, असंही नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली मातीची रंगीत, झिलईदार भांडी होत होती, आणि त्यांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या आकृती उतरल्या होत्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहायला मिळतात. शोभेच्या वस्तूंसाठी ही तिसरी वाट अजून मोकळी आहे.

स्टोनवेअरची परंपरा आपल्याकडे त्या मानाने तरुण. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये पुदुच्चेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि तिथे शिकलेले कलावंत देशभर पसरले. इथे बहुतेक प्रेरणा भट्टीतून येते. गॅस किंवा लाकडाच्या भट्टीत ऑक्सिजन कमी केला, तर ग्लेझमधलं एक-दोन टक्के लोह निळसर हिरवं दिसतं आणि आठ-दहा टक्के लोह गडद तपकिरी काळं. तेच तांबं विजेच्या भट्टीत हिरवं आणि गॅसच्या भट्टीत रक्तासारखं लाल. ज्याला वहीत नोंदी ठेवायला, अर्ध्या टक्क्याचा फरक करून पुन्हा पुन्हा नमुन्याच्या पट्ट्या भाजायला आवडतं, त्याच्यासाठी हे जन्मभराचं काम आहे. धोका एवढाच की फोनवर दिसणारे तेच ते ठिपकेदार, पांढुरके मग आपल्याही हातून उतरू लागतात. तयार ग्लेझची बाटली उघडली की हे हमखास होतं.

विकताना

लाल मातीचं भांडं हातात घेतल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "मातीचंच तर आहे, एवढे कसले पैसे?" त्याच्या डोक्यात रस्त्यावरच्या माठाचा भाव असतो. स्टोनवेअरच्या मगाला हा प्रश्न कमी येतो. तो रोज हातात येतो, पार्सलमध्ये तग धरतो, एकाला आवडला की दुसऱ्याला भेट जातो. दरमहा ठरावीक पैसे घरात यायलाच हवे असतील, तर स्टोनवेअर हा जास्त भरवशाचा मार्ग आहे.

लाल माती विकली जाते ती मोठ्या कामात: भित्तिशिल्पं, बागेतल्या कुंड्या, दिवे, मूर्ती, घराच्या दारावरच्या फरशा. ऑर्डरी कमी येतात, पण एकेक मोठी असते. मुलांच्या कार्यशाळाही हिच्यावरच चालतात, कारण एका भाजणीत वस्तू घरी देता येते. पणत्या, संक्रांतीची सुगडी आणि घटस्थापनेचे घट मात्र आपण करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. कुंभाराच्या घरचं वर्ष त्या चार महिन्यांवर चालतं. चांगल्या पेठेत चकचकीत खोक्यात घालून तीच पणती दसपट भावाने विकणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं.

मग घ्यायचं काय

शहरात फ्लॅट, डोक्यावर हप्ता, आणि स्वयंपाकघरात वापरता येईल असं काही करायची ओढ असेल, तर स्टोनवेअर घ्या. अंगण किंवा गावचा आधार असेल, हात चाकापेक्षा आकार घडवण्यात रमत असेल आणि पहिली दोन वर्षं कमी मिळकतीवर निभणार असेल, तर लाल माती घ्या. ज्यांचं कशातच ठरत नाही, त्यांनी लाल मातीने सुरुवात करावी. कमी पैशांत जास्त भांडी फुटतात, म्हणून जास्त शिकता येतं.

दोन्हीपैकी काहीही निवडलंत तरी पहिल्या वर्षी भट्टी विकत घेऊ नका. अनेक स्टुडिओ शेल्फच्या किंवा भांड्याच्या हिशेबाने दुसऱ्याचं काम भाजून देतात. दोन्ही मातींच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या करा आणि ओल्या असतानाच प्रत्येकीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढा. भाजून आल्यावर ती रेघ मोजा, म्हणजे माती किती आकसते ते कळेल. नंतर पट्टी सुकी असताना वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले सुकं वजन गुणिले शंभर, म्हणजे ती माती किती टक्के पाणी पिते ते कळतं. स्टोनवेअरची पट्टी तीन टक्क्यांच्या वर गेली, तर तुमचं काम भाजून देणाऱ्या भट्टीचं तापमान कमी पडतंय असं समजा आणि मगांची पहिली ऑर्डर घेण्याआधी दुसरी भट्टी शोधा.