उसागी योजिम्बो : आठ महिन्यांच्या वाचनानंतर

गेल्या जूनमध्ये मी स्टॅन साकाई यांच्या 'उसागी योजिम्बो' या इंग्रजी चित्रकथामालिकेचे जाड एकत्रित खंड मागवले. प्रत्येक खंड सुमारे सहाशे पानांचा आहे. पहिला खंड मी एका शनिवार-रविवारी वाचून संपवला आणि सोमवारी लक्षात आले की तलवारींच्या झटापटींखेरीज त्यातले फारसे काही मनात उरलेले नाही. त्या वेळी लिहिले असते तर ही मालिका बरी पण एकसुरी आहे असे लिहून मी मोकळा झालो असतो. त्यानंतर अकरा वर्षांच्या माझ्या पुतणीने मुखपृष्ठावरचा ससा पाहून गोष्ट सांगण्याचा हट्ट धरला आणि आम्ही रोज रात्री एकच कथा, पहिल्या पानापासून, सावकाश वाचू लागलो. आज चार खंड झाले आहेत आणि माझे मत पूर्णपणे बदलले आहे.

'उसागी' म्हणजे जपानी भाषेत ससा आणि 'योजिम्बो' म्हणजे अंगरक्षक. क्योतो येथे जन्मलेल्या आणि हवाईत वाढलेल्या साकाई यांना मियामोटो मुसाशी या सतराव्या शतकातील प्रसिद्ध तलवारबाजावर बेतलेली कथा करायची होती. रेखाटने करताना त्यांनी एका सशाचे कान सामुराईच्या शेंडीसारखे डोक्यावर बांधले आणि नायक तोच ठरला. 1984 मध्ये एका छोट्या अंकातून तो प्रथम वाचकांसमोर आला. त्यानंतर प्रकाशक अनेकदा बदलले, परंतु पात्राचे हक्क साकाई यांनी स्वतःकडेच ठेवले, आणि कथा, रेखाटन, शाई व संवादांच्या फुग्यांमधले हाताने लिहिलेले अक्षर ही सर्व कामे प्रामुख्याने त्यांनी एकट्यानेच केली. प्रत्येक पानावर एकाच हाताचे वळण दिसते, आणि वर्षागणिक तो हात अधिक स्थिर होत गेल्याचेही दिसते.

कथेचा काळ सतराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. 1600 मधील सेकिगाहाराच्या लढाईनंतर आणि 1603 मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शासक, झाल्यानंतर जपानमधली दीर्घ यादवी थांबली आणि हजारो सामुराई धन्यावाचून, कामावाचून रस्त्यावर आले. अशा सामुराईला रोनिन म्हणतात. उसागी त्यांपैकीच एक आहे. त्याचा धनी मिफुने एका (कथेपुरत्या कल्पिलेल्या) लढाईत फितुरीमुळे मारला गेला, आणि शत्रूने विटंबना करू नये म्हणून धन्याचे शिर घेऊन उसागी रणांगणावरून निसटला. तेव्हापासून तो चालतो आहे. जवळजवळ प्रत्येक कथेच्या आरंभी तो एखाद्या वाटेने एकटा येताना दिसतो, कधी पावसात, कधी बर्फात. पहिल्या वाचनात ही पाने मी उलटत गेलो होतो. पुतणीने मात्र त्यांवर बोट ठेवून विचारले, "काका, हा रोज कुठे निघालेला असतो?" त्या प्रश्नानंतर मी ती पाने कधीही गाळली नाहीत, कारण त्या निःशब्द चौकटींतच पुढच्या प्रसंगाचे वजन साठत असते. प्रत्यक्ष लढत बहुधा थोडक्या चौकटींत आटोपते. तलवार म्यानातून निघते, एक रेष हवा कापत जाते, आणि पुन्हा शांतता पसरते. रक्त फारसे दिसत नाही. मरणाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यात केवळ एक छोटी कवटी असते. मृत्यू लपवलेला नाही आणि त्याची चटकही लावलेली नाही, म्हणून मुलांसोबत वाचताना मला एकदाही पान झाकावे लागले नाही.

आमच्या वाचनातला सर्वांत मोठा आनंद मात्र भाषांतराचा होता. पुस्तक इंग्रजीत आहे आणि मी ते वाचता वाचता मराठीत सांगतो. इंग्रजीत सगळे एकमेकांना एकाच सर्वनामाने हाक मारतात. मराठीत मला प्रत्येक जोडीसाठी 'तू', 'तुम्ही' किंवा 'आपण' यांतून निवड करावी लागली. साकाई यांनी 'सान', 'सामा', 'सेन्सेई' ही जपानी संबोधने जशीच्या तशी ठेवली असल्यामुळे ही निवड सोपी झाली आणि पात्रांमधली अंतरे स्पष्ट कळू लागली. पैशासाठी गुन्हेगार पकडणारा गेन हा गेंडा उसागीला 'लांबकान्या' म्हणतो, म्हणून तो अर्थातच 'तू'. तरुण सरदार नोरियुकी यांच्याशी बोलताना 'आपण'. त्यांची अंगरक्षक टोमोए आमे ही मांजर आणि उसागी यांच्यात जी न बोललेली ओढ आहे, ती मला त्या दोघांच्या कधीही न सुटणाऱ्या 'तुम्ही'मध्येच पुरती उमगली. इंग्रजीत एकट्याने वाचताना हे माझ्या नजरेतून निसटले होते.

हस्तकौशल्याविषयीचा आदर हे या मालिकेचे दुसरे बळ आहे. उसागीच्या दोन तलवारी चोरीला जातात त्या दीर्घ कथेची सुरुवात चोरीपासून होत नाही. ती तलवार घडवणाऱ्या लोहारापासून होते. पोलाद तापवणे, दुमडून पुन्हा ठोकणे आणि हे सर्व एखाद्या व्रतासारखे पाळणे, हे पाहिल्यानंतरच त्या तलवारी उसागीला इतक्या प्रिय का आहेत हे कळते. प्रचंड पतंग बांधणाऱ्या कारागिराची कथाही अशीच आहे. तिथे आम्ही दोन रात्री थांबलो, कारण पुतणीला बांबूच्या सांगाड्याचे चित्र स्वतः काढून पाहायचे होते.

'ग्रासकटर' या दीर्घ कथेला 1999 मध्ये आयस्नर हा चित्रकथांसाठीचा मानाचा अमेरिकी पुरस्कार मिळाला आणि तो सर्वस्वी योग्य होता. कुसानागी, म्हणजे गवत कापणारी, ही जपानच्या राजचिन्हांपैकी एक असलेली दैवी तलवार; 1185 मध्ये दान-नो-उराच्या सागरी युद्धात बालसम्राट अंतोकु बुडाला तेव्हा तीही समुद्रात गेली अशी आख्यायिका आहे. साकाई सृष्टीच्या उत्पत्तीच्या पुराणकथेपासून प्रारंभ करून या युद्धापर्यंत येतात आणि मग ती तलवार उसागीच्या वाटेत आणून ठेवतात. साम्राज्य उलथवू शकणारी वस्तू हाती आल्यावर धनी नसलेल्या माणसाने काय करावे, हा प्रश्न तिथे इतक्या गंभीरपणे उभा राहतो की पुतणी दोन दिवस मला त्याच्याविषयी विचारत होती. कथेमागचा इतिहास लेखकाने टिपांमधून दिला आहे. त्या टिपा मी आता कथेइतक्याच आवडीने वाचतो.

उणिवा आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. गावावर दरोडेखोर येतात, उसागी मदत करतो आणि पुढे निघून जातो, हा साचा फार वेळा येतो. सलग वाचणाऱ्याला तो निश्चितच कंटाळवाणा वाटेल. प्रत्येक अंक मूळचा स्वतंत्र असल्यामुळे पात्रांची ओळख पुन्हा पुन्हा करून दिली जाते. माझ्या प्रतींचा आकार लहान आहे, त्यामुळे गर्दीच्या युद्धप्रसंगांतले बारकावे दिव्याखाली धरूनच पाहावे लागतात. एका विक्रेत्याने पाठवलेल्या पार्सलात तिसऱ्या खंडाचा कोपरा पार चेपलेला आला आणि तो बदलून मिळाला नाही. जड पुस्तके मागवताना आवरणाची चौकशी आधी करावी. 2019 पासून मालिका रंगीत झाली. त्यांतले काही अंक मी पाहिले, रंगकाम सुबक आहे, तरीही साकाई यांच्या काळ्या शाईतला पाऊस मला अधिक जवळचा वाटतो.

खरेदी करणाऱ्याने एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. मी घेतलेला संच 1993 नंतरच्या कथांपासून सुरू होतो. कात्सुइची या सिंहगुरूकडचे उसागीचे शिक्षण, तलवारी त्याला कशा मिळाल्या, आणि मिफुनेचा अंत, हे सारे त्याआधीच्या भागांत आहे व ते भाग वेगळ्या संचात मिळतात. मला हे पहिला खंड संपल्यावर कळले आणि मध्येच थांबून ते मागवावे लागले. नव्या वाचकाने आरंभ तिथूनच करावा, विशेषतः सोबत एखादे मूल असेल तर, कारण हट्टी, उतावळ्या छोट्या उसागीला गुरूकडे शिकताना पाहिल्यानंतर पुतणीने मोठ्या उसागीच्या प्रत्येक संयमी नकारामागे त्या गुरूचा आवाज ओळखायला सुरुवात केली.